सरांसाठी पुन्हा पहिल्यापासून

“खरं सांग केतकी. गुरुवारी दुपारी तू माझ्या फोनला हात लावलास?”

आई इस्त्री करत होती. एकच बाही चौथ्यांदा. सकाळचे सात वाजले होते. अकरा वाजता तिला गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं होतं आणि तोच फोन त्यांच्या टेबलावर जमा करायचा होता.

“लावला की,” मी म्हणाले. “रोजच लावते. तुझा फोन चार्ज कोण करतं? तुझ्या ग्रुपवर सकाळची फुलं कोण पाठवतं?”

“चार वाजून दहा मिनिटांनी लावलास का, एवढंच विचारतेय.”

“नाही.”

तिनं इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे बघितलं. माझी आई कन्या शाळेची मुख्याध्यापिका. वीस वर्षं मुलींच्या कॉप्या पकडलेली बाई. ती नजर मला पाठ होती, फक्त आजवर माझ्यावर कधी पडली नव्हती.

“हे बघ, घाबरून नाही म्हणत असशील तर…”

“आई, नाही म्हणजे नाही! बीजगणितासाठी मी पेपर फोडणार? मी? अपमान आहे हा माझा!”

एरवी ती हसली असती. तेव्हा फक्त “बरं” म्हणाली, इस्त्रीचा प्लग काढला आणि आतल्या खोलीत जाऊन काहीतरी लिहीत बसली. दार लोटून घेतलं. आमच्या घरात दारं लोटायची पद्धत नाही.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीचं. मी दहावीत होते, बाबा नोकरीनिमित्त गुजरातेत होते, आणि मला वाटायचं की जगात मला न जमणारी गोष्ट एकच, ती म्हणजे गोल भाकरी.

आमच्या तालुक्यातल्या सगळ्या शाळांची दहावीची पूर्वपरीक्षा एकत्र होते. पूर्वी पेपरांचे गठ्ठे जीपमधून यायचे आणि दर वर्षी एखादा गठ्ठा वाटेत सैल व्हायचा. म्हणून त्या वर्षी श्रीरंगदादानं नवी पद्धत बसवून दिली, तीही फुकट. पेपर इंटरनेटवर कुलूपबंद. किल्ली कुणा एकाकडे नाही. तिचे पाच तुकडे, पाच जणांच्या फोनमध्ये. पाचांतल्या कुणीही तिघांनी आपापल्या फोनवर बटण दाबलं की तिघांची मिळून एकच सही तयार होते आणि कुलूप उघडतं. एकट्याला काही करता येत नाही, दोघांनाही नाही. आणि तयार झालेल्या सहीवरून ते तिघं कोण होते हे कळत नाही.

“म्हणजे कुणावर दबाव नाही, कुणावर आळ नाही,” असं दादानं मुख्याध्यापक संघाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. मी मागच्या खुर्चीवरून सगळ्यात जोरात वाजवल्या होत्या. दादा दहावीचे क्लास घ्यायचा. रविवारी मला प्रोग्रॅमिंग शिकवायचा, पैसे न घेता. त्याचा अंदाज कधी चुकत नाही असं सगळी मुलं म्हणायची. त्या गुरुवारी संध्याकाळी त्यानं फळ्यावर पाच ‘महत्त्वाची’ उदाहरणं सोडवून दिली होती आणि शुक्रवारी बीजगणिताच्या पेपरात नेमकी तशीच आली, फक्त आकडे बदललेले. बाहेर आल्यावर मुलींनी त्याच्या नावानं शिट्ट्या वाजवल्या.

आणि शुक्रवारी संध्याकाळी समजलं, की बीजगणिताची फाइल गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनीच एकदा उघडली गेली होती. सही अगदी बरोबर होती.

म्हणजे पाचांतले तिघं फुटले होते.

पाच जण कोण? एक माझी आई. दुसरे मुलाणी सर, नदीपलीकडच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. गेली अकरा वर्षं दर शनिवारी शाळा सुटल्यावर आई आणि ते स्टँडसमोर एकत्र चहा पितात आणि सरकारला नावं ठेवतात. फडतरे मॅडम आणि ओंबासे सर डोंगराकडच्या शाळांचे, ते तिकडूनच बटण दाबायचे. आणि पाचवे खटावकर सर. श्रीरंगदादाचे वडील. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली, पण संघाचे मार्गदर्शक म्हणून पहिली खुर्ची त्यांची. आईला, फडतरे मॅडमना, ओंबासे सरांना त्यांनीच शिकवलेलं. तालुक्यात त्यांच्यासमोर कुणी पायावर पाय टाकून बसत नसे.

पाचही जण शपथेवर सांगत होते की आम्ही बटण दाबलं नाही. आणि सही तर समोर होती. तीन दिवसांत त्या पाच माणसांचं जे झालं ते मी बघितलंय. शनिवारी आई चहाला गेली नाही. मुलाणी सरही गेले नसणार. फडतरे मॅडमचा फोन आला, मी स्पीकरवर ऐकला. “वृंदा, गुरुवारी मीटिंगला तू फोन घरी विसरून आली होतीस. घरी दहावीतली मुलगी, तीही कॉम्प्युटरमधला किडा. लेकरानं केलं असेल तर तसं सांगून मोकळी हो. आम्हाला कशाला टांगून ठेवतेस?”

“मुलीनं एकटीनं करायला तिच्याकडे तीन फोन होते का?” आई म्हणाली.

“ते तू मला विचारू नकोस. तुझं नि मुलाणींचं रोजचं चहापाणी, ते त्यांना विचार.”

त्यानंतर आईनं फोन कुणाचाच उचलला नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पालक उभे राहायला लागले होते. तीन हजार मुलांचा पेपर रद्द झाला होता. अधिकारी मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी नाव निघालं नाही तर प्रकरण पोलिसांत जाणार, आणि विद्यार्थी गुंतलेला असेल तर त्याला बोर्डाला बसू देणार नाही. विद्यार्थी म्हणजे मी. आणखी कोण?

तर सोमवार, सकाळी सव्वासात. आई दार लोटून लिहीत बसलेली. फोन टेबलावर. माझ्याकडे पावणेचार तास.

मी फोन उचलला आणि त्या ॲपच्या जुन्या नोंदी उघडल्या. दहा वेळा बघितल्या होत्या. गुरुवारी पेपर नव्हता आणि नोंदही नव्हती, पण नोंद पुसता येते, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. मी नुसतीच वर-खाली करत राहिले. सोमवार मराठी, मंगळवार हिंदी, बुधवार इंग्रजी. दर दिवशी दोन-दोन नोंदी. एक ‘रद्द’, एक ‘पूर्ण’.

दोन-दोन का, ते मला माहीत होतं. आई रोज हसून सांगायची. सकाळी नऊला संघाच्या खोलीत आई आणि मुलाणी सर बटण दाबायचे, तिसऱ्या फडतरे मॅडम. घाटात रेंज नसल्यामुळे त्यांचा तुकडा यायला वेळ लागायचा. दादाच्या लॅपटॉपवर तुकडे गोळा होईपर्यंत चक्र फिरत राहायचं. आणि तेवढ्यात दारात छत्री टेकवून खटावकर सर. “काय मंडळी? आम्हाला वगळूनच?”

की सगळे उठून उभे. “नाही नाही सर, तुम्हाला वगळून कसं? पुन्हा पहिल्यापासून करू.” चालू असलेलं रद्द. मग सरांना घेऊन तिघं नव्यानं बटण दाबणार. मुलाणी सर म्हणायचे, “सर, आपल्या तालुक्यात सूर्यसुद्धा तुम्हाला विचारून उगवतो.” सर खूश.

प्रत्येक नोंदीत आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ होती. मी मंगळवारची ‘रद्द’ बघितली, ती ७ एफ ३ नं सुरू होत होती. मंगळवारची ‘पूर्ण’ बघितली.

७ एफ ३.

मी पुढची अक्षरं एकेक करून जुळवली. सगळीच्या सगळी ओळ तीच. सोमवारी? सोमवारच्याही दोन्ही एकमेकींसारख्या. बुधवारच्याही.

आता हे का भयंकर आहे ते सांगते. दादानंच मला शिकवलं होतं. फोन आपला गुप्त तुकडा कधीच तसाच पाठवत नाही. तो दर वेळी मनातल्या मनात एक नवा आकडा धरतो, एकदाच वापरून फेकून द्यायचा. मग समोरून एक प्रश्नाचा आकडा येतो. फोन त्या आकड्यानं गुप्त तुकड्याला गुणतो, त्यात आपला मनातला आकडा मिळवतो, आणि फक्त बेरीज पाठवतो. मनातला आकडा कुणाला माहीत नाही, म्हणून गुप्त तुकडाही सुरक्षित. नोंदीतली ती ओळ म्हणजे त्या मनातल्या आकड्याचा ठसा. ठसा दोनदा तोच, म्हणजे आकडा दोनदा तोच. प्रश्न मात्र दोन वेळा वेगळे, कारण दुसऱ्या वेळी फडतरे मॅडमच्या जागी सर.

दोन समीकरणं. दोन चल. दहावी बीजगणित, पहिलं प्रकरण!

मी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसले. ते ॲप एका लायब्ररीवर उभं होतं, म्हणजे जगातल्या कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला तयार कोड. त्या लायब्ररीचं पान उघडलं. बदलांची यादी होती. सात महिन्यांपूर्वीची एक ओळ. तिचा अर्थ एवढाच, की सत्र रद्द करून पुन्हा सुरू केल्यास जुनाच आकडा वापरला जात होता, चूक दुरुस्त केली आहे, सर्वांनी ताबडतोब नवी आवृत्ती घ्यावी. आमच्या ॲपमध्ये होती त्याच्या आधीची आवृत्ती.

मी खुर्चीवरून अशी उठले की खुर्चीच पडली.

“दादा!” मी दारामागच्या कोपऱ्यात जाऊन फोन लावला. “दादा, मला सापडलं! तिघं लागतच नाहीत! रद्द करून पुन्हा केलं की आकडा तोच राहतो, लायब्ररीतच भोक आहे! आईनं काही केलं नाही, मुलाणी सरांनीपण नाही, कुणीच नाही!”



“हॅलो? दादा?”

“आहे. हुशार आहेस गं तू,” दादा म्हणाला. “आईला सांगितलंस?”

“आत्ताच सांगणार…”

“नको. अर्धवट कळून ती तिथं काहीतरी बोलेल आणि अजून गोंधळ होईल. अकराला मी लॅपटॉप घेऊन येतोच आहे. मी नीट मांडतो. तू काही बोलू नकोस, मी बोलतो.”

मला एवढं हलकं वाटलं की मी अंघोळीला गेले आणि गाणं म्हटलं. आई दारावर थाप मारून म्हणाली, “केतकी, आज तरी गाऊ नकोस.”

पंचायतीच्या इमारतीत वरचा हॉल. कुलथे मॅडम, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, मधोमध. समोर स्टीलचं ताट, त्यात पाच फोन. आईनं आपला ठेवला तेव्हा खण्ण आवाज झाला. मुलाणी सर खिडकीकडे बघत होते. फडतरे मॅडम आईच्या शेजारची खुर्ची सोडून पुढच्या खुर्चीवर बसल्या. खटावकर सर पहिल्या खुर्चीत, छत्री गुडघ्यांत. मलाही बोलावलं होतं. आणि टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडून श्रीरंगदादा.

मी त्याच्याकडे बघून हसले. त्यानं मान हलवली.

“मी शेवटचं विचारते,” कुलथे मॅडम म्हणाल्या. “गुरुवारी चार वाजून दहा मिनिटं. तिघांनी मिळून सही केली. ते तिघं कोण?”

मी दादाकडे बघितलं. दादा स्क्रीनकडे बघत होता.

“श्रीरंग, तांत्रिक बाजू काय म्हणते? तिघांशिवाय सही होऊ शकते?”

आता, मला वाटलं. आता बोलणार.

“नाही मॅडम,” दादा म्हणाला. “तिघं लागतातच.”

मला आधी वाटलं की तो प्रस्तावना करतोय. पुढे ‘पण’ येईल. मी त्या ‘पण’ची वाट बघत राहिले. त्यानं पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, झाकण लावलं.

“ठीक आहे,” कुलथे मॅडमनी फाइल ओढली. “मग पोलिसांना…”

“मॅडम.” आई उभी राहिली. तिच्या हातात पांढरा लिफाफा होता. “मला एक निवेदन द्यायचं आहे.”

तिचा आवाज मी ओळखला नाही. मुलाणी सरांनी पहिल्यांदा वळून तिच्याकडे बघितलं. त्या लिफाफ्यात काय आहे मला माहीत नव्हतं, पण तो मॅडमच्या हातात पडला की सगळं संपलं, एवढं मला कळलं.

“थांबा!” मी किंचाळले. खरंच किंचाळले. “तिघं लागत नाहीत! दादा विसरला सांगायचं! मी दाखवते, दोन मिनिटं द्या, फक्त दोन मिनिटं!”

“केतकी, बस,” आई म्हणाली.

“नाही बसणार!”

“मॅडम, लहान आहे ती, घाबरलीय,” दादा म्हणाला. “केतकी, आपण नंतर बोलू.”

“पोरीला बोलू द्या,” मुलाणी सर म्हणाले. “तीन दिवस मोठी माणसं बोलतायत, काय दिवे लागले?”

हॉलमध्ये पांढरा फळा होता. मी मार्कर घेतला. टोपण निघेना, शेवटी दातांनी काढलं.

“मुलाणी सर, मनात एक आकडा धरा, शंभरच्या आतला. हा तुमचा गुप्त तुकडा. कुणाला सांगू नका. आणि दुसरा एक, तो एकदा वापरून फेकायचा. धरलात?”

“धरला बाई.”

“आता मी म्हणते तीन. गुप्त आकड्याला तीननं गुणा, दुसरा त्यात मिळवा, फक्त बेरीज सांगा.”

सरांचे ओठ हलले. “एक्क्याण्णव.”

“एक्क्याण्णववरून कुणी तुमचा गुप्त आकडा ओळखेल?”

“माझे वडील आले तरी नाही.”

“बरोबर. कारण दोन्ही आकडे लपलेले आहेत. आता समजा, तेवढ्यात खटावकर सर आले. आपण काय करतो? रद्द. पुन्हा पहिल्यापासून. आता मी म्हणते पाच. पण फोननं इथं नवा आकडा धरायला हवा, आणि या लायब्ररीत चूक अशी आहे की तो जुनाच धरतो. तर तुम्हीपण जुनाच ठेवा. पाचनं गुणा, जुना मिळवा.”

“एकशे पंचवीस.”

मी फळ्यावर मांडलं. एकशे पंचवीस वजा एक्क्याण्णव, चौतीस. पाच वजा तीन, दोन. चौतीस भागिले दोन.

“सतरा,” मी म्हणाले. “तुमचा गुप्त आकडा सतरा.”

मुलाणी सर उठून उभे राहिले. “माझ्या लग्नाची तारीख! अहो, मला स्वतःला विसरायला होतं!” आणि मग एकदम आईकडे वळले, आवाज खाली आला. “भोईटे मॅडम… म्हणजे तुम्ही नाही. आणि मीही नाही.”

“मी नाही म्हणतच होते, सर,” आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. लिफाफा अजून हातातच.

मला पंख फुटले होते. विचारू नका! मी आईच्या फोनमधल्या गुरुवारच्या आधीच्या सहा नोंदी दाखवल्या, लायब्ररीचं पान उघडून दाखवलं, सात महिन्यांपूर्वीची तारीख दाखवली. ओंबासे सर मान डोलवत होते. फडतरे मॅडम हळूच एक खुर्ची आईकडे सरकल्या. मी बोलत होते आणि सगळे ऐकत होते, मोठी मोठी माणसं, पंधरा वर्षांच्या मुलीचं.

“म्हणजे रोज दोन वेळा बटण दाबल्यामुळे तुझ्या आईचा आणि मुलाणींचा तुकडा बाहेर पडला,” कुलथे मॅडम सावकाश म्हणाल्या. “दोन झाले. तिसरा?”

“तिसरा तुकडा ज्या फोनमध्ये आहे तो हाताशीच असला, तर चोरावा लागत नाही,” मी म्हणाले.

“आणि पहिलं उत्तर नि दुसरं उत्तर, ही दोन्ही एकत्र दिसतात कुणाला?”

मी फळ्याकडे तोंड करून होते, म्हणून पटकन बोलून गेले. “सगळे तुकडे जिथं गोळा होतात तिथं. लॅपटॉपवर.”

आणि मग वळले.

सगळे टेबलाच्या टोकाकडे बघत होते. दादाचे हात लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंना पालथे ठेवलेले. ते मला रविवारी की-बोर्डवर बोटं कशी ठेवायची ते दाखवणारे हात. गुरुवारची पाच उदाहरणं मला आठवली. आकडे बदललेली.

मी तिथंच गप्प बसायला हवं होतं का, मला माहीत नाही. पण मला अजून आशा होती. वेड्यासारखी आशा, की काहीतरी दुसरं उत्तर असेल. म्हणून मी दादाला नाही, सरांना विचारलं.

“सर, तुम्ही रोज उशिरा का यायचात?”

खटावकर सर गोंधळले. मग हसले, एखादं कौतुक सांगावं तसे. “अगं उशिरा नाही. मी पावणेनऊलाच खाली येऊन बसायचो. श्रीरंग म्हणायचा, बाबा, लगेच वर जाऊ नका, दोघांनी बटण दाबलं की मी मिस कॉल देतो, तेव्हा या, म्हणजे तुमचा मान…”

ते थांबले.

पंखा फिरत होता. सरांनी मुलाकडे बघितलं. फार वेळ बघितलं. दादानं वर बघितलं नाही. मी मनात म्हणत होते, बोल, बोल दादा, आता तरी बोल.

दादानं लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

सरांनी छत्री टेकवली आणि उठले. “मॅडम, लिहून घ्या. हे मी केलं.”

“सर!” ओंबासे सर ओरडले.

“लॅपटॉप माझ्या घरी असतो. फोन माझा. मी केलं.”

“सर,” मुलाणी सर म्हणाले, “तुम्हाला फोनचा आवाज बंद करता येत नाही. दर बैठकीत आम्ही बंद करून देतो.”

“शिकलो.”

“कधी?”

“मुलाणी,” सर म्हणाले, “मी मास्तर आहे. मला शिकायला वेळ लागत नाही.” आवाज वर्गातला होता. “मॅडम, लिहा. विद्याधर गोविंद खटावकर.”

खोटं! माझ्या तोंडात आलंच होतं. मार्कर अजून माझ्या हातात होता, फळ्यावर जागाही होती. एक वाक्य, आणि सगळं खरं खरं बाहेर आलं असतं. मी तोंड उघडलं, आणि आईनं माझं मनगट धरलं. जोरात नाही. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती सरांकडे बघत होती आणि दुसऱ्या हातातला लिफाफा मुठीत चुरगाळत होती.

कुलथे मॅडमनी पेन उचललं, दादाकडे एकदा बघितलं, सरांकडे बघितलं. मग लिहिलं.

खाली आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मुलाणी सर पायरीवर उभे होते. आईला म्हणाले, “चहा?”

“आज नको सर. शनिवारी.”

“शनिवारी,” ते म्हणाले आणि स्कूटरकडे गेले.

मी आईच्या मुठीतून लिफाफा काढून घेतला. तिनं घेऊ दिला. आत एक कागद होता, तिच्या सुबक अक्षरात. ‘गुरुवारी दुपारी सदर फाइल उघडण्याचे कृत्य मी स्वतः केले आहे. यात माझ्या मुलीचा काहीही संबंध नाही. मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’

मी दोनदा वाचला.

“तुला वाटलं मी केलं?”

“वाटलं.”

“मी नाही म्हटल्यावरसुद्धा?”

“हो.”

“आणि तरी तू हे…”

“चल,” आई म्हणाली. “भूक लागलीय मला. तीन दिवस धड जेवले नाही.”

रस्त्याच्या पलीकडे सर चालत चालले होते. चार पावलं मागे दादा, लॅपटॉपची बॅग खांद्यावर. सर थांबले की तोही थांबायचा.

पोलिसांत नाव गेलं नाही. सरांचं वय बघून लेखी माफीवर भागलं. संघानं त्यांचं मार्गदर्शकपद काढून घेतलं, संघाच्या खोलीतला त्यांचा फोटो उतरला. खरं काय ते त्या हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्यापैकी कुणीही बाहेर बोललं नाही. मीही नाही. दादानं मार्चमध्ये क्लास बंद केले, हैदराबादला गेला. जाताना मला एक मेसेज पाठवला होता, ‘फळ्यावर छान समजावलंस.’ मी उत्तर दिलं नाही. पुसलाही नाही.

आता मी बारावीत आहे. गेल्या महिन्यात कन्या शाळेत नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. (साहजिकच.) आईनं सरांना घरी जाऊन बोलावलं होतं. दोन वर्षांत त्यांना कुणी कुठं बोलावलं नव्हतं. येतील असं कुणाला वाटलं नाही, म्हणून कुणी थांबलं नाही. कार्यक्रम बरोबर दहाला सुरू झाला. स्वागत झालं, प्रमुख पाहुण्यांची ओळख झाली, दीप लागला, मी प्रास्ताविकाच्या मध्यावर होते.

फाटकाशी छत्री दिसली. सर फार वाकले होते. ते मंडपाच्या कडेकडेनं आले, कुणाच्या मध्ये येऊ नये असे, आणि अगदी मागच्या रांगेत, पाण्याच्या पिंपाशेजारी, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. पुढच्या कुणी मागं वळून बघितलं नाही.

मी बोलायची थांबले. व्यासपीठावर आई बसली होती. तिनं माझी नजर कुठं आहे ते पाहिलं आणि मान खाली घातली, एकदाच, हो म्हणतात तशी.

मी हातातले कागद उलटून पहिलं पान वर घेतलं.

“क्षमस्व,” मी माइकमध्ये म्हणाले. “आपले खटावकर सर आता आले आहेत. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू.”